दास्तानीची वाट मराठीत कुठे अडली?

अद्भुत कथा लिहिणाऱ्याला अभ्यासाची काय गरज, असे आपल्याकडे सहज विचारले जाते. इतिहासावर लिहायचे तर बखरी, फर्माने, दफ्तरे चाळावी लागतात. गावावर लिहायचे तर गाव हिंडावे लागते. पण परी, जिन्न, जादूगार आणि उडता गालिचा यांना कसला आला पुरावा? मनात आले ते लिहिले, झाली गोष्ट. ही समजूत शिक्षकांमध्येही आहे आणि लेखकांमध्येही आहे. प्रत्यक्षात जगातली मोठी अद्भुत कथा बहुधा जुन्या पोथ्यांच्या, शब्दकोशांच्या आणि संपादकांच्या खांद्यावर उभी राहिलेली दिसते. पोथी कोणी वाचली, कोणी छापली, कोणी लपवली आणि कोणी जाळली यावर पुढच्या पिढीची कल्पना ठरते. मराठी मुसलमानांच्या बाबतीत या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. अद्भुत कथेची एक मोठी खाण आपल्या दख्खनमध्येच, आपल्याच पूर्वजांच्या बोलीत होती. तरी मराठी कादंबरीने ही संपत्ती इंग्रजीच्या दारातून मागवली. असे का घडले, ते या लेखात पाहू.

आधी बाहेरचे एक उदाहरण घेतो, कारण त्यात हा संबंध अगदी उघडपणे दिसतो. जे. आर. आर. टॉल्किन (१८९२–१९७३) हा लेखक आज चित्रपटांमुळे आपल्या पोरांनाही माहीत आहे. त्याचा पेशा मात्र मास्तरकीचा. १९२५ पासून तो ऑक्सफर्ड विद्यापीठात जुन्या इंग्रजी भाषेचा प्राध्यापक होता. त्याआधी मोठ्या इंग्रजी शब्दकोशाच्या कचेरीत शब्दांच्या व्युत्पत्ती शोधण्याचे काम त्याने केले होते. 'बेओवुल्फ' हे हजार वर्षांपूर्वीच्या हस्तलिखितात उरलेले काव्य तो वर्षानुवर्षे शिकवत होता. १९३६ साली त्याने या काव्यावर एक गाजलेले व्याख्यान दिले. त्याचा आशय थोडक्यात असा: विद्वान या काव्याकडे इतिहासाचे दगड काढायची खाण म्हणून पाहतात आणि त्यातल्या राक्षसांना व अजगराला पोरकट ठरवतात. खरे तर ते राक्षस हाच काव्याचा गाभा आहे. माणूस मरणार हे ठाऊक असूनही तो अंधाराशी लढतो, हे सांगायला कवीला राक्षसच लागतात.

व्याख्यानानंतर वर्षभरात, १९३७ मध्ये, 'द हॉबिट' प्रसिद्ध झाले. त्यात अजगराच्या खजिन्यातून एक प्याला चोरला जातो आणि अजगर खवळतो. हा प्रसंग 'बेओवुल्फ'मधून आला आहे. त्यातल्या बुटक्यांची नावे, एवढेच काय गॅन्डाल्फ हे नावसुद्धा, जुन्या आइसलँडी काव्यातल्या यादीतून घेतले आहे. त्याने रचलेल्या जगाचे नाव जुन्या इंग्रजीतल्या एका शब्दाचे नवे रूप आहे. परीक्षेचे पेपर तपासत असताना एका विद्यार्थ्याने कोरे सोडलेले पान हाती आले आणि त्यावर त्याने या गोष्टीचे पहिले वाक्य लिहिले, ही हकीकत त्यानेच सांगितली आहे. पेपरांच्या गठ्ठ्यापुढे बसणाऱ्या कोणाही शिक्षकाला ती ऐकून बरे वाटेल. पण त्या एका वाक्यामागे कोशाची, पोथीची आणि पाठभेदांची कित्येक वर्षे होती.

आता आपल्या मुलखाकडे येऊ. आमच्या सायखेड्यावरून गोदावरी पुढे नांदूरमधमेश्वरला जाते आणि तिथून पैठणला पोहोचते. पैठण म्हणजे जुने प्रतिष्ठान, सातवाहनांची राजधानी. तिथल्या दरबारातल्या गुणाढ्याची दंतकथा प्रसिद्ध आहे. त्याने पैशाची भाषेत 'बृहत्कथा' रचली. राजाने ती हलक्या भाषेतली म्हणून नाकारली. तेव्हा गुणाढ्य रानात गेला आणि एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवत आगीत टाकू लागला. राजाला पश्चात्ताप होईपर्यंत सातवा हिस्सा तेवढा उरला होता. मूळ ग्रंथ आज मिळत नाही. अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने संस्कृतात केलेल्या 'कथासरित्सागर'सारख्या ग्रंथांतून तो आपल्याला कळतो. दंतकथा खरी असो वा नसो, तिच्यात एक पक्की गोष्ट सांगितली आहे. कथा मरते ती बहुतेक वेळा भाषेच्या प्रतिष्ठेपायी.

गुणाढ्यानंतर कित्येक शतकांनी याच दख्खनमध्ये आणखी एक 'हलकी' भाषा उभी राहिली. ती म्हणजे दख्खिनी. दिल्लीकडून आलेल्या फौजा, सूफी आणि कारागीर यांच्या बोलीत मराठी, कानडी आणि तेलुगू मिसळत गेली. दख्खिनीत 'नको' आहे आणि शब्दाला जोर देणारा आपला 'च' आहे. आजही आपल्या घरांतून 'मेरे कू नको' ऐकू येते. या बोलीला शहरी उर्दूवाले हसतात आणि मराठीवाले तिला परकी समजतात. पण सतराव्या शतकात हीच दरबारी साहित्याची भाषा होती.

गोवळकोंड्याच्या गव्वासीने १६२५ साली 'सैफुल मुलूक व बदीउल जमाल' ही मस्नवी लिहिली. मिसरचा शहजादा वस्त्रावर काढलेली परीजादीची तसबीर पाहतो, तिच्या इश्कात पडतो आणि तिच्या शोधात समुद्र, बेटे व देवांचे मुलूख पार करत जातो. ही कथा 'अलिफ लैला'तली. म्हणजे अरबी रात्रींची एक मोठी गोष्ट आपल्या दख्खनमध्ये, 'नको' म्हणणाऱ्या भाषेत, शिवाजी महाराजांच्या जन्माआधी पाच वर्षे लिहून तयार होती. याच गव्वासीने १६३९ मध्ये 'तूतीनामा' रचला. त्याची कुळकथा तर फारच सुंदर आहे. मूळ संस्कृत 'शुकसप्तती'. तिच्या आधारे बदायूंच्या जियाउद्दीन नख्शबीने १३३० साली फारसी 'तूतीनामा' केला. त्या फारसीवरून गव्वासीने दख्खिनी केला. दुसऱ्या बाजूने तीच संस्कृत कथा मराठीत 'शुकबहात्तरी' म्हणून आली. तिची मराठी पोथी रिचर्ड श्मिट या जर्मन पंडिताने १८९७ मध्ये छापली. एकच पोपट एका घरात मराठी बोलत होता आणि शेजारच्या घरात दख्खिनी. दोन घरांना मात्र याची खबर नव्हती.

मुल्ला वजही हा गोवळकोंड्याचाच. त्याचा 'सबरस' १६३५ सालचा. हा गद्यग्रंथ म्हणजे पूर्ण रूपककथा आहे. अक्ल हा एक बादशहा आहे. त्याचा शहजादा दिल, 'तन' नावाच्या किल्ल्याचा धनी. दिलला आब-ए-हयात, म्हणजे अमरत्वाचे पाणी हवे आहे. नजर नावाचा हेर त्याच्या शोधात निघतो. ते पाणी दुसऱ्या बादशहाच्या, इश्कच्या मुलखात सापडते. इश्कची बेटी हुस्न ज्या दीदार शहरात राहते, तिथेच तो झरा आहे. मग मोहीम, कैद, लढाई, सुलह. प्रत्येक पात्र माणसाच्या आतली एक शक्ती आहे आणि तरीही वाचताना ते हाडामांसाचे वाटते.

आता 'सबरस'च्या शेजारी एक मराठी ग्रंथ ठेवून पाहा. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांचा 'योगसंग्राम' १६४५ सालचा आहे. 'सबरस'नंतर अवघ्या दहा वर्षांनी आणि त्याच दख्खनमध्ये एक मुसलमान संत मराठी ओवीत साधनेचे रूपक युद्धाच्या रूपात मांडतो. एकाने आतला प्रवास दरबारी दख्खिनी गद्यात सांगितला, दुसऱ्याने वारकऱ्यांच्या ओवीत. वजही आणि शेख महंमद एकमेकांना ओळखत होते असे मी म्हणत नाही. पण मनाला किल्ला मानणे, वासनेला फौज मानणे आणि साधकाला शूर शिपाई मानणे ही त्या काळच्या दख्खनची सामाईक कल्पना होती, एवढे या दोन ग्रंथांवरून नक्की म्हणता येते. आपल्या शाळांमध्ये हे दोन ग्रंथ एका तासाला एकत्र शिकवले गेले, तर मुले भाषेबद्दलचे निम्मे भांडण विसरून जातील.

या पोथ्या आपल्यापर्यंत आल्या कशा? यातला महत्त्वाचा टप्पा मराठवाड्यात आहे. अंजुमन तरक्की-ए-उर्दू ही संस्था १९०३ मध्ये स्थापन झाली. १९१२ मध्ये मौलवी अब्दुल हक तिचे सचिव झाले आणि लवकरच तिचे कार्यालय औरंगाबादला (आजचे छत्रपती संभाजीनगर) आले. मौलवी साहेब तिथे निजामाच्या शिक्षण खात्यात अधिकारी होते. शाळा तपासायच्या, मास्तरांना सूचना द्यायच्या आणि उरलेल्या वेळात दख्खिनी हस्तलिखिते गोळा करायची, असा त्यांचा क्रम होता. १९२१ पासून 'उर्दू' हे त्रैमासिक निघू लागले. त्यातून विस्मृतीत गेलेले दख्खिनी कवी एकामागून एक उजेडात आले. १९३२ साली 'सबरस' छापला गेला. त्याच्या कथेचे मूळ निशापूरच्या फत्ताहीच्या पंधराव्या शतकातल्या फारसी रचनेत आहे, हेही मौलवी साहेबांनी दाखवून दिले. आपल्या आवडत्या ग्रंथाचे मूळ दुसऱ्याचे आहे हे स्वतःच सांगायला विद्वत्तेबरोबर सचोटीही लागते. वजहीचे श्रेय त्यामुळे कमी झाले नाही. त्याने फारसी सांगाड्यावर दख्खनचे मांस चढवले, हे उलट जास्त स्पष्ट झाले.

म्हणजे १९३० च्या सुमारास मराठवाड्याच्या भूमीवर मध्ययुगीन अद्भुत कथांचे संपादन जोरात चालू होते. टॉल्किनला जे साहित्य ऑक्सफर्डमध्ये मिळत होते, तशाच मोलाचे साहित्य गोदावरीच्या खोऱ्यात छापून तयार होते. मग मराठीतल्या अद्भुत लेखकाने ते का घेतले नाही? उत्तर शोधायला आणखी सत्तर वर्षे मागे, पुण्याला जावे लागते.

कृष्णशास्त्री चिपळूणकर (१८२४–१८७८) हे पुण्याच्या संस्कृत पाठशाळेत घडलेले पंडित. मोठेपणी इंग्रजी शिकले. सरकारी भाषांतराचे काम केले आणि शिक्षक तयार करणाऱ्या ट्रेनिंग कॉलेजचे प्रमुखही झाले. १८६० च्या दशकात त्यांनी 'अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी' मराठीत आणायला सुरुवात केली. ते काम पुढे त्यांचे चिरंजीव विष्णुशास्त्री आणि हरि कृष्ण दामले यांनी पुरे केले. मराठी गद्यात एवढी वाचली गेलेली आणि एवढी गोड भाषा असलेली पुस्तके थोडीच. ग्रंथाच्या नावात 'अरबी भाषेतील' असे शब्द आहेत, पण भाषांतर इंग्रजीवरून झालेले आहे. अरबी, फारसी किंवा दख्खिनी जाणणारा कोणी मौलवी या कामात शास्त्रीबुवांच्या शेजारी बसला नाही. यात कृष्णशास्त्र्यांना दोष देण्याचे कारण नाही. त्यांच्या टेबलावर इंग्रजी पुस्तक होते, ते त्यांनी उत्तम मराठीत आणले. बगदादचा खलिफा हारून अल् रशीद पुणेरी मराठीत बोलू लागला, हे त्यांचे उपकारच आहेत. प्रश्न आपल्या बाजूचा आहे. गव्वासीच्या वाचकांचे वंशज तेव्हा कुठे होते?

याच दशकात मराठी कादंबरी बाळसे धरत होती. लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची 'मुक्तामाला' १८६१ मध्ये आली, त्यांचीच 'रत्नप्रभा' १८६६ मध्ये आणि नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा' १८६८ मध्ये. राजे, प्रधान, रानावनात सापडलेल्या सुंदरी, वेषांतरे, ताटातूट आणि शेवटी मीलन, अशी या कादंबऱ्यांची घडण. अभ्यासक त्यांच्यामागे दोन प्रवाह दाखवतात. एक संस्कृतचा: बाणभट्टाची 'कादंबरी', दंडीचे 'दशकुमारचरित'. मराठीने नॉव्हेलला नावच बाणाच्या नायिकेचे दिले, यावरून तो प्रभाव किती खोल होता ते कळते. दुसरा प्रवाह 'अरबी गोष्टी', 'हातिमताई', 'गुलबकावली' यांचा. म्हणजे मराठी कादंबरीच्या जन्माच्या खोलीत हातिमताई हजर होता. आपण साहित्य संमेलनांतून 'मराठीला मुसलमानांचे योगदान' मोजतो तेव्हा संतकवी आणि शाहीर सगनभाऊ यांच्यापाशी थांबतो. या यादीत हातिमला जागा द्यायला हवी.

रिसबुडांनी 'मंजुघोषा'च्या प्रस्तावनेत अद्भुताची गरज का पडते, ते मोकळेपणाने सांगितले आहे. त्यांच्या म्हणण्याचा सारांश असा की, आमच्या लग्नाच्या चालीरीती आणि एकूण जगणेच असे चाकोरीबद्ध आहे की त्याचे जसेच्या तसे वर्णन केल्यास वाचकाला त्यात गोडी वाटणार नाही. म्हणून चमत्कार आणावे लागतात. हे विधान नीट वाचले तर त्यात समाजावर टीका आहे. जिथे मुलीचे लग्न तिला कळायच्या आत लागते, तिथे प्रेमकथा कुठून आणायची? मग लेखक परीच्या मुलखात जातो. अद्भुत कथेला पळवाट म्हणणाऱ्यांनी आधी माणसाला कोंडणाऱ्या भिंतीही पाहायला हव्यात.

पण रिसबूड आणि टॉल्किन यांच्यात एक फरक आहे आणि तो महत्त्वाचा आहे. टॉल्किन मूळ भाषेपर्यंत गेला. रिसबुडांच्या पिढीकडे संस्कृतचे मूळ होते, मात्र अरबी-फारसीच्या बाजूने बराचसा भाषांतराचा दुसरा-तिसरा हात होता. मूळ हाती असले की लेखक त्याच्याशी झगडतो, त्यात भर घालतो, त्याला उलटे करतो. फक्त सारांश हाती असला की तो सांगाडा उचलतो. मला वाटते, मराठी अद्भुत कादंबरी लवकर थकली त्याचे हे एक कारण असावे. गुलबकावलीचे फूल आले, पण ज्या मातीत ते उगवले ती माती आली नाही.

भाषांतराच्या या मधल्या हाताची एक कहाणी इथे सांगण्याजोगी आहे. युरोपला 'अलिफ लैला' दिली ती आंत्वान गालां या फ्रेंच पंडिताने. त्याचे खंड १७०४ ते १७१७ या काळात निघाले. 'अलाउद्दीन' आणि 'अलीबाबा' या सर्वांत लोकप्रिय गोष्टी मात्र त्याच्याजवळच्या अरबी हस्तलिखितात नव्हत्या. त्या त्याला १७०९ साली पॅरिसमध्ये हन्ना दियाब या हलब शहराच्या तरुण ख्रिस्ती अरबाने तोंडी सांगितल्या. गालांच्या खासगी रोजनिशीत त्याची नोंद आहे, छापलेल्या ग्रंथात त्याचे नाव नाही. दियाबने म्हातारपणी लिहिलेली प्रवासकथा व्हॅटिकनच्या ग्रंथालयात पडून होती. ती त्याचीच आहे हे विसाव्या शतकाच्या अखेरीस ओळखले गेले आणि २०१५ मध्ये तिचे फ्रेंच भाषांतर निघाले. सांगणाऱ्याला नाव मिळायला तीनशे वर्षे लागली आणि तेही अभ्यासकांनी जुने कागद चाळले म्हणून. ज्यांच्या गोष्टी दुसऱ्यांनी लिहून काढल्या अशा प्रत्येक समाजाने ही हकीकत लक्षात ठेवावी.

आता दोष फक्त पुण्याकडे टाकून भागणार नाही. दास्तानीचा दिवा आपल्या लोकांनीही विझवला. डेप्युटी नजीर अहमद यांची 'तौबतुन्नसूह' ही कादंबरी १८७० च्या दशकातली. तिचा नायक नसूह हैजातून वाचतो, धर्मनिष्ठ होतो आणि घर सुधारायला निघतो. त्यात तो मोठ्या मुलाची, कलीमची पुस्तके बाहेर काढून जाळतो. दास्ताने, मस्नव्या, शायरी, सगळे आगीत. लेखकाची सहानुभूती नसूहकडे आहे. १८५७ नंतर हरलेल्या समाजाला वाटले की आपण गोष्टीत रमलो म्हणून बुडालो. अलीगढची सुधारणेची चळवळ मोठी होती, तिचे ऋण कोणी नाकारणार नाही. पण तिच्या उत्साहात दास्तान ही लाजेची वस्तू झाली. गुणाढ्याने स्वतःची पाने निराशेने जाळली. नसूहने मुलाची पुस्तके काळजीपोटी जाळली. राख मात्र सारखीच.

मराठीतही त्याच सुमाराला वारे फिरले. हरि नारायण आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो' १८९० पासून क्रमशः आली आणि विधवेचे खरे दुःख कादंबरीत बोलू लागले. ती गरज होतीच. इतिहासाचार्य राजवाड्यांनी १९०२ च्या 'कादंबरी' या निबंधात अद्भुत आणि वास्तव या दोन्ही प्रकारांची गंभीरपणे चर्चा केली. पण एकूण प्रतिष्ठा वास्तवाकडे गेली. अद्भुत उरले ते मुलांच्या पुस्तकांत, नाटक मंडळ्यांत आणि नंतर मुंबईच्या चित्रपटात. 'गुल-ए-बकावली' हा मूकपट १९२४ मध्ये मुंबईच्या कोहिनूर कंपनीने काढला. होमी वाडियांचा 'हातिमताई' १९५६ चा. म्हणजे लोकांनी दास्तान सोडली नव्हती. लिहिणाऱ्यांनी सोडली होती.

गंमत अशी की, सुशिक्षित नाके मुरडत होते तेव्हाच लखनौमध्ये मुन्शी नवल किशोर यांचा छापखाना 'दास्तान-ए-अमीर हमजा' छापत होता. प्रेषित मुहम्मद (स.) यांचे चुलते हजरत हमजा यांच्या नावाभोवती फारसी कथाकारांनी गुंफलेली ही कल्पित कथा. अकबराने तिच्यावर सुमारे चौदाशे चित्रे काढून घेतली होती, त्यातली दोनशेच्या आसपास आज उरली आहेत. नवल किशोर यांनी काढलेली उर्दू मालिका ४६ खंडांची झाली. त्यातल्या 'तिलिस्म-ए-होशरुबा'चे पहिले चार खंड मुहम्मद हुसेन जाह यांनी आणि पुढचे अहमद हुसेन कमर यांनी लिहिले. अफ्रासियाब हा जादूचा बादशहा, त्याचा मायावी मुलूख, आणि झोळीत सारे जग मावणारा अमर अय्यार. छापणारा हिंदू, लिहिणारे मुसलमान, वाचणारे सगळे. याच वातावरणात देवकीनंदन खत्रींची हिंदी 'चंद्रकांता' जन्मली, अय्यार आणि तिलिस्म बरोबर घेऊन. हिंदीला ही वाट सापडली, कारण खत्रींना उर्दू दास्तान थेट कळत होती.

शेवटचे नामांकित दास्तानगो मीर बाकर अली १९२८ मध्ये दिल्लीत वारले आणि ही कला संपली असे सर्वांनी मानले. ती परत आली अभ्यासामुळे. शम्सुर्रहमान फारुकी (१९३५–२०२०) यांनी हमजाचे दुर्मिळ खंड एकेक करून जमवले, वाचले आणि 'साहिरी, शाही, साहिबकिरानी' या ग्रंथमालेत दाखवले की दास्तानीला कादंबरीचे नियम लावणे हीच चूक आहे. तिचे स्वतःचे शास्त्र आहे. ती ऐकण्यासाठी असते, म्हणून ती लांबते, थांबते, पुन्हा सांगते. त्यांचे पुतणे महमूद फारुकी यांनी या अभ्यासाच्या आधारे २००५ मध्ये दास्तानगोई पुन्हा मंचावर आणली. आज पांढरा अंगरखा घातलेले तरुण नव्या दास्ताने रचून सांगतात. फारुकी साहेब आणि टॉल्किन यांनी एकच काम केले असे म्हणता येईल. ज्याला विद्वान पोरकट म्हणत होते, ते त्यांनी त्याच्या स्वतःच्या मापाने मोजून दाखवले. मग सर्जनाला आपोआप वाट मिळाली.

मराठीत अभ्यासाची बाजू अगदीच रिकामी नाही. श्रीधर रंगनाथ कुलकर्णी आणि देवीसिंग चौहान यांनी दख्खिनी आणि मराठीचे नाते मराठीतून उलगडून दाखवले. सेतुमाधवराव पगडी यांनी फारसी-उर्दूतले कितीतरी मराठीत आणले. वा. सी. बेंद्रे यांनी शेख महंमदांचे साहित्य संपादले. यू. म. पठाण यांनी संत आणि महानुभाव वाङ्मयात आयुष्य घातले आणि १९९० च्या पुणे साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषवले. १९७० च्या दशकात गौरी देशपांडे यांनी 'अरेबियन नाइट्स'चे अनेक खंड मराठीत केले, पण तेही रिचर्ड बर्टनच्या इंग्रजीवरून. शंभर वर्षांत दोनदा 'अलिफ लैला' मराठीत आली आणि दोन्ही वेळा तिने इंग्लंडचा वळसा घेतला. गोवळकोंड्याहून सरळ येणारी सडक मात्र ओसाड राहिली.

ही सडक कोण दुरुस्त करणार? माझ्या मते हे काम उर्दू माध्यमात शिकलेल्या मराठी मुसलमानांचे आहे आणि त्यात उर्दू शाळेच्या शिक्षकांवर जास्त जबाबदारी आहे. महाराष्ट्रातल्या उर्दू शाळेतले पोर उजवीकडून डावीकडे उर्दू वाचते आणि डावीकडून उजवीकडे मराठी. याला आपण ओझे समजतो. दोन लिप्या, दोन व्याकरणे, मुलांचे हाल, असे पालक म्हणतात आणि त्यांच्या तक्रारीत तथ्य आहे. पण 'सबरस' आणि 'योगसंग्राम' दोन्ही मुळातून वाचू शकेल असा वाचक महाराष्ट्रात दुसरीकडे सहजी मिळणार नाही. ज्या मुलाच्या घरात 'नको' आणि 'कू' एका वाक्यात येतात, त्याला वजहीची भाषा लखनौच्या पंडितापेक्षा लवकर कळेल. आज ज्याला त्याची अशुद्ध बोली म्हणून आपण वर्गात टोकतो, तीच या खजिन्याची किल्ली आहे.

सुरुवात छोटी असू शकते. गव्वासीचा एखादा प्रसंग देवनागरीत उतरवून सोप्या मराठीत त्याची कथा सांगावी. 'सबरस'मधला नजरचा प्रवास आठवीच्या मुलांना नाटक म्हणून द्यावा. घरातल्या नानी-दादींकडून ऐकलेली परी आणि देवांची गोष्ट मुलांकडून त्याच बोलीत लिहून घ्यावी, आणि सांगणारीचे नाव खाली न चुकता लिहावे, म्हणजे दियाबची गत तिची होणार नाही. यातून लगेच कोणी मोठा कादंबरीकार निघेल असे नाही. पण उद्या मराठीत अद्भुत लिहू पाहणाऱ्याला टेबलावर मूळ माल मिळेल.

काही वडीलधारे विचारतील की मुलांना खोट्या गोष्टी कशाला? त्यांना एवढेच सांगावे की आपली मुले आजही जादूच्या गोष्टी पाहतातच, मोबाइलवर पाहतात आणि परक्या मुलखाच्या पाहतात. त्यांच्या मनात किल्ला उभा राहतो तो युरोपचा असतो, दौलताबादचा नसतो. दुष्ट जादूगाराचे आणि परक्याचे चित्र ती कुठून घेतात, हेही एकदा तपासायला हवे. अनेक परदेशी गोष्टींत पगडी घातलेला, वाकडी तलवार घेतलेला माणूस खलनायक असतो. ज्या मुलाने सैफुल मुलूक वाचला आहे, त्याला ठाऊक असते की पगडीवाला नायकही असतो, तो चुकतो, रडतो, प्रेम करतो आणि समुद्र ओलांडतो. स्वतःला नायक म्हणून पाहण्याची सवय माणसाला गोष्टीतूनच लागते.

मराठी आमची भाषा आहे, हे आपण गेली कित्येक वर्षे व्यासपीठांवरून सांगत आलो. ते सांगणे आता पुरेसे झाले. भाषा आपली आहे हे तिच्यात काहीतरी आणून दाखवल्यानेच सिद्ध होते. कृष्णशास्त्र्यांनी बगदाद मराठीत आणले. गोवळकोंडा आणायचे काम अजून बाकी आहे, आणि ते करायला लागणारी दोन्ही अक्षरे आपल्याला येतात.